ल्यूक कॅस्टेलनचं म्हणणं बरोबर, तरी तो खलनायक कसा ठरतो? (पर्सी जॅक्सन, पाचही भागांचे स्पॉयलर)

पाटकरी

रिक रायॉर्डनच्या पर्सी जॅक्सन मालिकेचे पहिले पाच भाग (2005 ते 2009) ज्यांनी वाचलेत त्यांच्यासाठी हा धागा. शेवटासकट सगळं उघड केलंय. वाचायचे राहिले असतील तर इथूनच मागे फिरा.

कुमारवयीन वाचकांसाठी पाच भागांची अद्भुतकथा लिहितोय. नदीच्या देवतांनी बारा गावांना पाणी द्यायचा करार केलाय, बाकीची गावं कोरडी. बंड करणारी मुलगी तेराव्या गावची आहे. पाटाची दारं फोडायची आणि पाणी सगळ्यांना सोडायचं, हा तिचा बेत. पहिल्या दोन भागांचा खर्डा अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना वाचायला दिला, तर बहुतेकांचं म्हणणं एकच: तीच बरोबर आहे, नायक देवांचा चमचा आहे. दुसऱ्या भागात तिला जास्त क्रूर केलं, तर म्हणतात, आधी चांगली होती, मधेच काय झालं हिला?

ल्यूकच्या, म्हणजे देवांविरुद्ध उठलेल्या हर्मीसच्या मुलाच्या बाबतीत दोन्ही होत नाही. त्याचं गाऱ्हाणं खरं आहे हे वाचकाला पटतं, पर्सीलाही पटतं, आणि तरी पर्सीला कोणी चमचा म्हणत नाही. हे नक्की कुठे साधलंय? भाग आणि प्रसंग धरून सांगा. 'त्याला मानवी केलंय' एवढ्यावर थांबू नका, तेवढं मलाही दिसतं.

केबिन_अकरा

सुरुवात ल्यूकपासून करूच नका, खोल्यांपासून करा.

पर्सी कॅम्प हाफ-ब्लडला, म्हणजे देव आणि माणूस यांच्या मुलांच्या छावणीत येतो तेव्हा तिथे बारा केबिन आहेत, बारा ऑलिंपियन देवांच्या नावाच्या. त्यातल्या चार रिकाम्या: 1 झ्यूसची, 2 हेराची (तिला मर्त्य माणसापासून मुलं नाहीतच, केबिन नुसती मानाची), 3 पोसायडनची आणि 8 आर्टेमिसची. आणि 11 नंबरात, हर्मीसच्या केबिनमध्ये, पाय ठेवायला जागा नाही. हर्मीसची स्वतःची मुलं तिथे आहेतच. शिवाय ज्यांच्या आईबापांपैकी जो देव आहे त्याने 'हे माझं मूल' असं अजून म्हटलेलं नाही ती सगळी, आणि ज्यांची आई किंवा बाप देव असूनही बारांत बसत नाही तीही. पर्सीला तिथे फरशीवरचा एक तुकडा मिळतो. त्याला झोपायची पिशवी आणून देणारा आणि कॅम्पच्या दुकानातून साबण-ब्रश ढापून देणारा कोण? ल्यूक.

म्हणजे ल्यूकने तोंड उघडण्याआधीच त्याचं गाऱ्हाणं नायकाच्या पाठीला टोचलेलं आहे. वाचक ते ल्यूककडून ऐकत नाही, पर्सीबरोबर त्या फरशीवर झोपतो. तुमच्या नायकाला पाणी मिळणाऱ्या बारा गावांतला केलाय का? तसं असेल तर चमचा म्हणणारच मुलं. त्याने कोरड काढलेलीच नाही.

दुसरी गोष्ट, 'मधेच काय झालं' या तक्रारीची. ल्यूकचा पहिला गुन्हा पहिल्या पानाच्या आधी होऊन गेलेला असतो. हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास कॅम्पची मुलं ऑलिंपसला जातात. तेव्हाच तो झ्यूसचं वज्र आणि पाताळाचा देव हेडीस याचं शिरस्त्राण चोरतो. पर्सी येतो उन्हाळ्यात. साबण आणून देणारा ल्यूक हा आधीपासूनच चोर आहे. त्यामुळे तो 'बिघडतो' असं कुठे होत नाही, वाचकाला फक्त कळतं उशिरा. उडते बूट भेट देतो तो प्रसंग पुन्हा वाचा. पहिल्या वाचनात दादागत वाटतो. ते बूट पर्सीला वज्रासकट टार्टारसमध्ये, पाताळातल्या खोल गर्तेत ओढून न्यायला शापलेले असतात, आणि पायात घातलेल्या ग्रोव्हरचा, पर्सीच्या मित्राचा, जीव जाता जाता वाचतो. शेवटच्या प्रकरणात विंचू सोडतो तेव्हा त्याचं विष साठ सेकंदांत मारतं हेही तोच सांगतो. अख्ख्या भागात गाऱ्हाणं त्याच्या तोंडून सविस्तर येतं ते याच प्रसंगात. गाऱ्हाणं आणि विंचू एकाच पानावर. वाचकाला एक घेऊन दुसरं टाकता येत नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. त्याचा प्रत्येक मोठा वार कोणावर पडतो ते बघा. दुसऱ्या भागात तो थालियाच्या झाडावर विष घालतो. थालिया म्हणजे त्याच्याबरोबर रस्त्यावर दिवस काढलेली मैत्रीण. टेकडीवर ती मरताना झ्यूसने तिचा पाइन वृक्ष केला, आणि कॅम्पची सीमा त्या झाडावर टिकून आहे. झाड मेलं की राक्षस आत. आत कोण झोपलंय? 11 नंबरची तीच मुलं, ज्यांच्या नावाने हा लढतोय. देवांना त्या विषाने ओरखडासुद्धा येत नाही.

अंगराज

इतका वेळ कर्णाचं नाव कोणी घेतलं नाही याचंच नवल वाटलं. देवाचं मूल, जन्मदात्याने न स्वीकारलेलं, समोरच्या पक्षाने मान दिला म्हणून तिकडे गेलेलं. 1967 साली 'मृत्युंजय' आली तेव्हापासून मराठी वाचक कर्णाच्या बाजूनेच वाचत आलाय. मग ल्यूकला खलनायक म्हणणं म्हणजे पर्सीच्या चष्म्यातून बघणं. सगळी मालिका पर्सीच्या 'मी'मध्ये आहे हे विसरू नका. ल्यूकने सांगितली असती तर धागाच वेगळा निघाला असता.

वाचनवेडी

@अंगराज, पहिलं पाऊल पटलं, पुढचं नाही.

कर्णाला त्याच्या बापाने, सूर्याने, स्वप्नात येऊन बजावलं होतं की इंद्र कवचकुंडलं मागायला येईल, देऊ नकोस. हर्मीस ल्यूकला काहीच सांगत नाही. त्याला मुलाचं पुढे काय होणार ते ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच तो तोंड शिवून बसतो. इथे ल्यूकची बाजू कर्णाहून भक्कम आहे, हे मान्य.

पण कर्णाला स्वतःसाठी मान हवा होता. रथ चालवणाऱ्यांच्या सगळ्या मुलांना शस्त्रविद्या शिकवा, अशी मागणी त्याने कधी केली नाही. कृष्णाने जन्म सांगितल्यावरही तो दुर्योधनाकडेच राहतो, आणि आपली बाजू हरणार हे कृष्णापाशी कबूल करून राहतो. त्याची निष्ठा एका माणसाशी आहे. ल्यूक क्रांतिकारक आहे. त्याला व्यवस्था पाडायची आहे आणि आपण जिंकणार अशी त्याची खात्री आहे. क्रांतिकारकाला विचारायचा प्रश्न वेगळा: तुझ्यामागे आलेल्यांना काय मिळालं?

म्हणून ल्यूकच्या शेजारी ईथन नाकामुरा ठेवून बघा. सूडाची देवता नेमेसिस हिचा मुलगा, एक डोळा आईला देऊन बसलेला, बदल्यात 'तुझ्या हातून मोठं काही घडेल' एवढं आश्वासन. चौथ्या भागात राक्षस अँटीअसच्या आखाड्यात त्याला पर्सीशी लढायला लावतात आणि ल्यूक वर बसून बघतो. रंगभूमीवर कर्ण उभा राहिला तेव्हा दुर्योधनाने त्याला तिथल्या तिथे अंगदेशाचं राज्य दिलं. त्यात स्वार्थ होता, पण दिलं. ईथनला ल्यूककडून काय मिळालं? शपथ घ्यायची संधी. आणि त्याच शपथेने क्रोनॉस, देवांनी पाडलेला टायटनांचा राजा, पुरता उभा राहिला, तोही ल्यूकच्याच अंगात.

हर्मीसपुढे ल्यूक कर्ण आहे. ईथनपुढे तो दुर्योधन आहे, आणि तोही हात आखडता घेणारा. पाटकरी, तुमच्या बंडखोर मुलीला असा एखादा ईथन द्या. तिच्याहून लहान, तिच्यावर विश्वास टाकणारा. तिचा न्याय वाचक त्याच्यावरून करेल, नायकावरून नाही.

केबिन_अकरा

ईथनचा मुद्दा आला म्हणून शवपेटीबद्दल लिहितो. क्रोनॉसचे तुकडे करून टार्टारसमध्ये फेकलेले असतात. दुसऱ्या भागात प्रिन्सेस अँड्रोमेडा या जहाजावर त्याची सोन्याची पेटी आहे. नवं मूल येऊन देवांची बाजू सोडतो म्हणालं की पेटीत त्याच्या देहाचा आणखी एक अंश तयार होतो. कुमारवयीन वाचकाला 'क्रांती आपल्याच लेकरांना खाते' असलं वाक्य सांगून काही होत नसतं. इथे ते वाक्य नाहीच, पेटी आहे. माणूस भरती झाला की आतलं धूड वाढतं. चळवळीची वाढ आणि हुकूमशहाची वाढ एकाच मापाने मोजली जाते. तुमच्या पाटाच्या कथेत असं काही हवं, जे तिच्या विजयागणिक डोळ्यांना दिसेल असं वाढेल.

आणि तलवार. कॅम्पची दिव्य कांस्याची हत्यारं साध्या माणसाच्या आरपार जातात, त्याला इजा होत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी ल्यूकच्या हातात बॅकबायटर दिसते, अर्धी पोलाद, अर्धी दिव्य कांस्य. म्हणजे ती राक्षसांनाही मारते आणि रस्त्यावरच्या माणसालाही. ज्याचं भांडण फक्त देवांशी आहे त्याला पोलादाची बाजू कशाला लागावी? लेखक यावर भाषण करत नाही, तलवार दाखवतो आणि पुढे जातो. हीच तलवार पुढे क्रोनॉसचं विळ्यासारखं पातं होते.

थालियाचं_झाड

वरचं सगळं बरोबर, पण पाचव्या भागाबद्दल माझं मत कडू आहे.

चार भागांत ल्यूकचं गाऱ्हाणं असं उभं राहतं: देव मुलांना वापरतात आणि विसरतात. पुरावेही चोख आहेत. हर्मीस त्याला सतराव्या वर्षी मोहिमेवर पाठवतो ती हेस्परिडीसच्या बागेतलं सोन्याचं सफरचंद आणायला. हेराक्लीस जे करून गेला तेच पुन्हा. मोहीम फसते, लॅडन ड्रॅगन गालावर व्रण देतो, कॅम्पमध्ये वाट्याला येते ती कीव. बापाने मुलाला दिलेलं काम म्हणजे दुसऱ्याच्या पराक्रमाची कार्बन कॉपी. एवढं पुरेसं होतं.

मग पाचव्या भागात आई येते. मे कॅस्टेलन, कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्टच्या घरात. डेल्फीचा भविष्य सांगणारा आत्मा अंगात घ्यायला गेली. हेडीसच्या शापामुळे तो तिला झेपला नाही, मन फाटलं. मुलगा नऊ वर्षांचा असताना पळून गेला, आणि ही अजून त्याच्या जेवणासाठी पीनट बटरची सँडविचेस करून ठेवते. जुन्यांना बुरशी आलेली, ओव्हनमध्ये बिस्किटं करपलेली. मधेच तिचे डोळे हिरवे पेटतात आणि मुलाच्या नशिबाबद्दल ती किंचाळते. प्रसंग म्हणून मालिकेतल्या उत्तमांपैकी एक. पण परिणाम काय होतो? राजकीय मागणी घरगुती जखम होऊन बसते. 'देवांची राज्यपद्धती अन्यायाची आहे' याचं होतं 'बिचाऱ्याचं बालपण वाईट गेलं'. मोठ्यांच्या जगातही बंडखोराला गप्प करायची ही जुनी युक्ती आहे.

पाटकरी, तुमच्या मुलीला रडकी पूर्वकथा देणार असाल तर शेवटी देऊ नका. आणि दिलीत तर तिची मागणी त्या कथेवर टेकवू नका.

वाचनवेडी

@थालियाचं_झाड, अर्धं मान्य. आईचा प्रसंग पाचव्या भागापर्यंत दाबून ठेवला हे मला मात्र योग्य वाटतं. पहिल्या भागात आला असता तर झाडावरचं विषही वाचकाने त्या सँडविचेसच्या खात्यावर माफ केलं असतं. रायॉर्डन आधी चार भागांचे गुन्हे नोंदवतो, मग जखम दाखवतो. कीव येते, पण हिशेब पुसला जात नाही.

आणि मागणी घरगुती होऊन बसते असं म्हणताना तुम्ही शेवट सोडून दिलात. युद्ध संपल्यावर देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो नको म्हणतो आणि त्याऐवजी स्टिक्स नदीची, देवांनाही मोडता न येणारी शपथ घ्यायला लावून मागतो काय, तर प्रत्येक मुलाला वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत आपलं म्हणा. हेकाटी, नेमेसिस, मॉर्फियस, जेनस यांच्यासारख्या बारांत न बसणाऱ्या देवांना माफी द्या आणि त्यांच्या मुलांना कॅम्पमध्ये जागा द्या. कॅलिप्सो आणि तिच्यासारख्या निरुपद्रवी टायटनांना सोडा. हेडीसला आणि त्याच्या मुलांना बाहेर ठेवू नका. हा ल्यूकचा जाहीरनामा आहे, फक्त मागणारा बदललाय. 11 नंबरच्या फरशीवरचं ओझं तिथे उतरतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे, पाटकरी. पर्सी चमचा ठरत नाही, कारण जिंकल्यावर तो देवांकडून बंडखोराचीच मागणी वसूल करतो. नायकाने शेवटी 'देव किती दयाळू' म्हणून नुसते हात जोडले तर तुमची मुलं पुस्तक फेकून देतील, आणि बरोबर करतील.

थालियाचं_झाड

वसूल करतो, पण पुरती नाही. ईथन मरताना काय म्हणतो ते आठवा. त्यांना सिंहासनं असती तर, असं. आईला ऑलिंपसच्या सभेत खुर्ची हवी होती त्याला. पर्सीच्या यादीत खुर्ची नाही, माफी आणि केबिन आहेत. राहायला छप्पर मिळालं, निर्णय तेच बाराजण घेणार. ल्यूक आणि ईथन दोघेही मेलेले असल्यामुळे 'आम्ही एवढ्यासाठी लढलो नव्हतो' म्हणायला त्या सभेत कोणी उरत नाही. खलनायकाला शेवटी मारण्याची ही सोय आहे, त्याच्या मागणीतली परवडेल तेवढीच उचलता येते.

अवांतर: हर्मीसचा मुलगा ख्रिस रॉड्रिगेझ ल्यूककडे गेला, चक्रव्यूहात वेडा झाला, परत आणल्यावर कॅम्पमधल्या क्लॅरिसने त्याची शुश्रूषा केली आणि डायोनायससने बरा केला. तिकडून परतून जगलेला एकतरी मुलगा मालिकेत आहे हे चांगलं केलंय. तसा एक तुमच्याकडेही हवा.

पाटकरी

खूप उपयोग झाला. नायक बारा गावांतलाच आहे, तो तेराव्या गावात हलवतो. दोन अडचणी राहतात. एक, दारं फोडल्याने कोणाचं नुकसान होतं हे माझ्या कथेत धूसर आहे, देवतांचा महाल वाहून जातो एवढंच. दोन, ल्यूक शेवटी फिरतो ते पटतं. माझी मुलगी फिरते ते उगाचच वाटतं. ते वळण कशावर उभं आहे?

केबिन_अकरा

वळण सुरीवर उभं आहे. ल्यूक आणि थालिया यांना घरातून पळालेली, पुढे पर्सीची साथीदार झालेली सात वर्षांची अ‍ॅनाबेथ सापडते तेव्हा तो तिला एक कांस्याची सुरी देतो आणि वचन देतो की आपण तिघं एक कुटुंब, घरच्यांनी केलं तसं मी करणार नाही. ही सुरी पाचही भाग अ‍ॅनाबेथच्या कमरेला आहे, रोजच्या वापरात, त्यामुळे ती राखून ठेवलेली वाटत नाही. तिसऱ्या भागात तो त्याच अ‍ॅनाबेथच्या मायेचा वापर करून तिच्या खांद्यावर अ‍ॅटलसने पेलायचं आकाश टाकतो आणि बाजूला होतो. पाचव्या भागात कळतं की स्टिक्समध्ये, अंगाला शस्त्र लागू न देणाऱ्या पाताळनदीत उतरण्याआधी तो तिच्याकडे गेला होता, आपण पळून जाऊ म्हणत होता, भ्यायला होता. तिने नकार दिला. म्हणजे फिरायची इच्छा शेवटच्या प्रसंगाच्या कितीतरी आधी पेरलेली आहे. शेवटी ऑलिंपसवर पर्सी ती सुरी त्याच्या हातात देतो, आणि डाव्या काखेखालच्या एकमेव मर्मावर तो स्वतः वार करतो. तो देवांना शरण जात नाही, माफी मागत नाही, हर्मीसची तर नाहीच नाही. मोडलेलं वचन तेवढं पाळतो. तुमची मुलगी देवतांपुढे नमत असेल तर ते वळण मुलांना खोटं वाटणारच. तिला त्या लहान पोरासाठी फिरवा.

नुकसानीचं उत्तर तुमच्या टोपणनावातच आहे. वरचं दार एकदम उघडलं तर पाणी सगळ्यांना सारखं जात नाही. पाटाची पातळी झपाट्याने चढते, भराव जिथे कच्चा असेल तिथे फुटतो, आणि कच्चा भराव असतो तो कोणी डागडुजीच न केलेल्या चारीवर (पाटाच्या फाट्यावर), म्हणजे कोरड्या गावांच्या बाजूला. वरची गावं दारं बंद करून बसतात. पाणी ओसरतानाही एकदम उतरलं तर भिजलेल्या बाजू आत ढासळतात. म्हणजे पुढच्या आवर्तनाला, पाणी सोडायच्या पाळीला, त्या गावाला पाटच उरत नाही. महाल वाहून नेऊ नका, त्याला चिखलही लागू देऊ नका. दुसऱ्या भागाच्या शेवटी तेराव्या गावची चारी फुटू द्या.

वाचनवेडी

आणि ती चारी फुटणार हे तिला आधी माहीत होतं की नव्हतं, ते लिहायला बसण्यापूर्वी ठरवून टाका. ल्यूकला झाडाचं माहीत होतं. माहीत नसेल तर ती फक्त चुकते, आणि चुकलेल्या माणसाला मुलं खलनायक म्हणणार नाहीत. माहीत असून 'एक गाव गेलं तरी चालेल' असं ती त्या लहान पोरासमोर म्हणाली, आणि पोराचं घर त्याच गावात असलं, तर क्रूरपणाचे बाकीचे प्रसंग तुम्हाला काढून टाकता येतील.